क्षेत्र आणि वास्तू : वसाहतीचा खरा ताळेबंद

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



मी व्याख्याता नव्हे. बी.कॉम. झालो आणि वडिलांच्या कापड दुकानाच्या गादीवर बसलो, तो आजतागायत तेथेच आहे. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने आपली संस्था शहराबाहेरील जागेवर साधर्मिक बांधवांसाठी निवासी वसाहत उभारण्याचा विचार करीत आहे. त्याविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, म्हणून उभा आहे.

प्रथम एक आठवण सांगतो. मुळशी तालुक्यातील एक शेतकरी कुटुंब दोन पिढ्या आमचे गिऱ्हाईक होते. घरात लग्न निघाले की बस्ता आमच्याकडेच. दर दिवाळीला त्यांच्या शेतातील आंबेमोहोर तांदूळ आमच्या घरी येत असे. पुढे जमिनीला भाव आला, त्यांनी ती विकली आणि थोरल्या मुलीचा बस्ता रोख पैसे मोजून बांधला. तेवढा मोठा बस्ता आमच्या दुकानाने पूर्वी पाहिला नव्हता. मी अभिमानाने वडिलांना हिशेब दाखवला. त्यांनी वही मिटली आणि विचारले, "बाळ, पुढच्या लग्नाचा बस्ता हे कशाच्या बळावर बांधणार?" सात वर्षांनी धाकटीचा बस्ता उधारीवर गेला. तोवर ते गृहस्थ, पूर्वी त्यांचे भातखाचर होते त्याच ठिकाणच्या इमारतीवर रात्रपाळीचे पहारेकरी झाले होते. वडिलांनी ती उधारी कधी मागितली नाही. पण त्यांचा प्रश्न मात्र माझ्या खाती आजही येणे आहे.

भांडवल विकून आलेली रक्कम म्हणजे उत्पन्न नव्हे, हा वाणिज्य शाखेचा पहिला धडा. जमीन विकणारा तो विसरला आणि त्या जमिनीवर घरे घेणारे आपणही विसरलो.

हे टाळता येते काय? येते. आपल्या हडपसरचेच उदाहरण घ्या. मगरपट्ट्यातील सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी चारशे एकरांहून अधिक जमीन बिल्डरांना तुकड्यातुकड्यांनी न विकता एकत्र केली. श्री. सतीश मगर यांच्या पुढाकाराने कंपनी स्थापन झाली आणि ज्याची जितकी जमीन, तितके त्याचे भाग, असा हिशेब ठरला. २००० च्या सुमारास बांधकाम सुरू झाले. शेतकऱ्यांची मुले तेथेच ठेकेदार व पुरवठादार झाली. कचऱ्याचे वर्गीकरण, खत, सौरऊर्जेवर तापणारे पाणी आणि मोठे हिरवे क्षेत्र यांची योजना आरंभापासूनच होती. मालक मालकच राहिला, ही त्यातील मोठी गोष्ट. मात्र शेती गेली, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

शेती राखून समाज कसा उभा राहतो, हे पाहण्यासाठी पुरंदर तालुक्यातील नायगावकडे वळू. १९७२ च्या दुष्काळानंतर पुण्यातील एक अभियंता-उद्योजक कै. विलासराव साळुंखे तेथे गेले. त्यांनी देवस्थानची सुमारे चाळीस एकर माळजमीन भाडेपट्ट्याने घेतली, बांधबंदिस्ती केली, पाझर तलाव व विहीर केली आणि माळ हिरवा केला. त्यातून 'पाणी पंचायत' जन्मास आली. तिचे नियम ऐका : पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे, तर माणसांच्या प्रमाणात, माणशी अर्ध्या एकरापुरते आणि कुटुंबास अडीच एकरांहून अधिक नाही, भूमिहीनासही पाण्याचा हक्क, जमीन विकली तरी पाणी विकता येणार नाही, ऊस लावायचा नाही, खर्चातील वीस टक्के वाटा लाभधारकांनी उचलायचा.

बंधूंनो, हे आपणास अपरिचित वाटते काय? श्रावकाच्या परिग्रह-परिमाण व्रतात मर्यादा घालण्याच्या वस्तूंमध्ये प्रथम क्षेत्र आणि वास्तू, म्हणजे शेत आणि घर, यांचाच उल्लेख येतो. आपण ज्याला व्रत म्हणून वंदन केले, त्याचा नायगावने नियम केला.

तिसरे उदाहरण अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारचे. तेथे पाऊस सुमारे ४०० मिलिमीटर, तोही बेभरवशाचा. १९८९ मध्ये श्री. पोपटराव पवार सरपंच झाले. तेही वाणिज्य शाखेचेच, याचा मला विशेष आनंद! गावाने कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळली, श्रमदानातून चर आणि बंधारे केले. शेतीसाठी बोअरवेल बंद, ऊस-केळी बंद, बाहेरच्यास जमीन विकणे बंद. आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद! पाऊस किती पडला, ही जमेची बाजू. पिण्यासाठी, जनावरांसाठी किती राखायचे, हा पहिला खर्च. उरेल त्यावर पिके ठरायची. २०२० मध्ये श्री. पवार यांना पद्मश्री मिळाली.

आता आपल्या वसाहतीचा ताळेबंद मांडू. पुण्याचा पाऊस सुमारे ७०० मिलिमीटर धरला, तर हजार चौरस फूट छपरावर वर्षाला सुमारे ६५ हजार लिटर पाणी पडते. ते गटारात सोडून टँकर मागवणे यास व्यापारात दिवाळखोरी म्हणतात. म्हणून माझी नम्र सूचना अशी : नकाशावर प्रथम ओढा, विहीर आणि सुपीक माती यांची नोंद व्हावी, इमारती नंतर आखाव्यात. सकस जमीन शेतीसाठीच राखावी, घरे मुरमाड भागावर व्हावीत. आजूबाजूच्या शेतकऱ्यांना विस्थापित न करता त्यांचे धान्य, भाजी, दूध आपण वर्षभर ठरलेल्या भावाने घ्यावे. ओल्या कचऱ्याचे खत त्यांच्या शेतात परत जावे. आणि पाण्याचा ताळेबंद संस्थेच्या वार्षिक सभेत, आर्थिक ताळेबंदाशेजारी वाचला जावा. यामुळे घरे कमी होतील, हे खरे आहे. परंतु बांधायची ती किती, हे छपराने नव्हे, विहिरीने ठरवावे.

भगवान ऋषभदेवांनी असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य व शिल्प ही सहा कर्मे शिकविली, असे आपण मानतो. कृषी आणि वाणिज्य एकाच गुरूंचे शिष्य आहेत. शेतीत हिंसा आहे म्हणून आपण ती दुसऱ्यावर सोपविली. अन्न मात्र खात राहिलो. निदान त्या दुसऱ्याचा संसार आपल्या वास्तूखाली गाडला जाऊ नये, एवढी अहिंसा तरी आपल्या हाती आहे.

वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर मला दुकानात सापडले नाही. ते या वसाहतीत सापडावे, एवढीच विश्वस्त मंडळाला विनंती करून मी आपली रजा घेतो.

जय जिनेंद्र!