वणवा आणि डोंगराकाठची गावे



माघ सरत आला की सातारा व सांगली जिल्ह्यांच्या पश्चिमेकडील डोंगरांवर रात्री आगीची लाल माळ दिसू लागते. जावळी, पाटण, शिराळा या तालुक्यांतील मुलांना तिचे नवल राहिलेले नाही.

वीज पडून वणवा लागण्याचे प्रसंग आपल्याकडे अगदी थोडे. बहुतेक आगी माणसाच्या हातून लागतात. बांधावरचा पाला पेटवताना, राबाचा जाळ सुटून, मोहोळाला धूर देताना, विडीच्या थोटकाने. आणि कित्येकदा हेतुपुरस्सर, कारण जुने गवत जाळले म्हणजे नवे जोमाने येते अशी समजूत आहे. तिची थट्टा करून भागणार नाही. वैशाखात ज्याच्या दावणीला उपाशी जनावर उभे आहे, त्याला जळक्या डोंगरावर दिसणारा हिरवा कोंब खोटा नसतो. परंतु वर्षानुवर्षे टिकणाऱ्या गवताचा जीव जमिनीलगत मुळाशी असतो. काडी कापली तरी कोंब येतोच. राखेचे थोडे खत मिळते खरे, पण वळवाच्या पहिल्या सरींनी तीही बरीचशी वाहून जाते, आणि तिच्यामागून उघडी पडलेली माती कोयना-वारणेच्या पात्रांकडे जाते. झाडांची रोपटी, बी, जमिनीवर घरटे करणाऱ्या पक्ष्यांची अंडी यांचा हिशेब कोणी धरीत नाही.

खरी गोष्ट कुसळी गवताची आहे. कुसळे धरली की जनावर त्याला तोंड लावीत नाही. मग ते डोंगरावर तसेच वाळते आणि वणव्याचे सरपण होते. कुसळे धरण्यापूर्वीच ते कापून गंजीला लावले, तर वैरणही हाती येते आणि आगीचे खाद्यही कमी होते. गंज्या घरांपासून व एकमेकींपासून दूर रचाव्यात. गाव आणि रान यांमध्ये जाळरेषा काढावी, म्हणजे रुंद पट्ट्यातील गवत आधीच काढून टाकावे. हे काम वनरक्षकाच्या सल्ल्याने थंडीतच उरकावे. शिमग्याच्या वाऱ्यात ते करणे धोक्याचे. राखीव वनात आग लावणे हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने अपराध आहे, हेही गावाला ठाऊक असावे.

आग चढावर फार वेगाने धावते, कारण तिची धग वरचे गवत आधीच तापवून ठेवते. मार्च २०१८ मध्ये तामिळनाडूतील कुरंगणीच्या डोंगरउतारावर गिर्यारोहकांना वणव्याने गाठले व वीसहून अधिक जण दगावले. म्हणून आगीच्या वरच्या अंगास कधीही उभे राहू नये; बाजूने उतरावे किंवा जळून थंड झालेल्या जागेवर जावे. ओल्या डहाळ्यांनी आग झोडपणे हे जाणत्या मोठ्यांचे काम आहे. मुलांना तेथे नेऊ नये. त्यांनी धूर दिसताच मोठ्यांना सांगावे, एवढेच पुरे.

२०१० पासून कोयना व चांदोलीची वने सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहेत, आणि कासचे पठार २०१२ पासून जागतिक वारशात. तेथवर न जाताही शाळेजवळच्या माळावर एक प्रयोग करता येतो. दिवाळीनंतर एका तुकड्यातील गवत विळ्याने कापावे, शेजारचा तुकडा तसाच राखावा, आणि वळीव पडल्यावर मुलांनी दर आठवड्यास दोन्हींकडील कोंब मोजून वहीत लिहावेत. ती वही ग्रामसभेत वाचून दाखवण्यास एखादा मुलगा किंवा मुलगी उभी करावी.