जाळ नसलेली चूल



मागे एकदा वर्ग सुटताना एका मावशींनी आम्हाला विचारले, "गुरुजी, मुलाने शहरातून इंडक्शनची शेगडी आणली आहे. तिला जाळ नाही, धूर नाही, काही नाही. मग भीती कसली? पण सून तिला हातच लावत नाही." आम्ही म्हटले, "मावशी, तुम्ही मुळीच भीत नाही आणि सून फारच भिते. दोघींचेही चुकते. एक दिवस या शेगडीवरच बोलू." तो दिवस आज उजाडला आहे.

आधी ही शेगडी तापते कशी ते पाहू. वरून ती काळ्या काचेची पाटी दिसते. काचेखाली तांब्याच्या तारेचे एक चपटे वेटोळे असते. शेगडी चालू केली की त्या वेटोळ्यातून वीज वाहते. ती एकाच दिशेने वाहत नाही. क्षणात इकडे, क्षणात तिकडे, अशी एका सेकंदात वीस हजारांहून अधिक वेळा मागेपुढे होते. त्यामुळे काचेच्या वर लोहचुंबकासारखा जोर उत्पन्न होतो. तोही तितक्याच वेळा उलटसुलट होतो. त्या जागी लोखंडी तवा ठेवला, तर तव्याच्या बुडात विजेचे भोवरे फिरू लागतात. नदीला पूर आला म्हणजे पाण्यात भोवरे फिरतात ना, तसेच हे. फिरताना त्यांना लोखंडाचा अडथळा होतो आणि त्यामुळे बूड तापते. हात हातावर घासला तर तळवा गरम होतो, तसे समजा.

म्हणजे येथे चूल तापत नाही, भांडे तापते. काच तापते ती भांड्याच्या स्पर्शाने, आणि चांगलीच तापते. एवढे नीट ध्यानात धरा, कारण आजचे पुष्कळसे बोलणे याच्यावरच आहे.

विजेचा हा गुण मायकेल फॅरडे नावाच्या इंग्रज गृहस्थाने १८३१ साली शोधला. हा लोहाराचा मुलगा. शाळा त्याला फार मिळाली नाही. पुस्तके बांधणाऱ्याच्या दुकानात तो उमेदवार होता. बांधायला आलेली पुस्तके वाचता वाचता तो शिकला. आपल्या वर्गात बसणाऱ्यांना हे सांगावेसे वाटले, म्हणून सांगितले. आता पुन्हा शेगडीकडे वळू.

एका घरची गोष्ट सांगतो. आजी घरात होत्या. चाळीस वर्षे त्यांनी चुलीपुढे काढली. चार मुले वाढवली, पण चुलीने कोणाला भाजले नाही. मूल चुलीकडे रांगू लागले की आजी "हाः! भाजेल!" म्हणून ओरडायच्या. मुलालाही जाळ दिसायचा, धग लागायची, डोळ्यांत धूर जायचा. ते आपणच मागे सरायचे. मग घरात इंडक्शन आली. एके सकाळी सुनेने दूध तापवले, शेगडी बंद केली आणि पातेले उचलून बाजूला ठेवले. शेगडी जमिनीवर, पाटावर होती. दोन वर्षांची नात आली. तिला काय दिसले? काळी, चकचकीत, आरशासारखी काच. जाळ नाही, निखारा नाही. तिने त्या काचेवर तळहात टेकला. आजी समोरच बसल्या होत्या. पण ओरडायचे कशासाठी, हे त्यांनाही कळले नाही, कारण त्यांनाही तेथे विस्तव दिसला नाही.

पोरीचा हात पुढे बरा झाला. पण आजी आम्हाला म्हणाल्या, "माझे डोळे चुलीला शिकलेले आहेत, या काचेला नाहीत."

आजींचे म्हणणे अगदी खरे आहे. विस्तव कसा जपायचा हे आपल्याला आईने शिकवले, आणि तिला तिच्या आईने. या शेगडीची ओळख मात्र घरातल्या थोरांनाही नवी आहे. म्हणून ती मुद्दाम करून घ्यावी लागते. पातेले उचलल्यावर काच बराच वेळ गरम राहते. काही शेगड्यांवर काच गरम असेपर्यंत इंग्रजी 'एच' अक्षर दिसते. पण साऱ्याच शेगड्यांवर ते नसते, म्हणून त्याच्या भरवशावर राहू नये. शेगडी ओट्यावर ठेवावी, आणि तीही कडेला नको, आत भिंतीच्या बाजूला. ओटा नसेल तर लहान मुलाचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर पक्की, न डुगडुगणारी फळी किंवा कडप्प्याची फरशी बसवून घ्यावी. भांड्याचा दांडा आत वळवून ठेवावा. शेगडीची तार खाली लोंबू देऊ नये. मूल ती ओढते आणि उकळते पातेले अंगावर घेते.

इतके करूनही कोणी भाजले तर काय करावे? भाजलेला भाग लगेच थंड, स्वच्छ पाण्याच्या धारेखाली धरावा. नळ नसेल तर तांब्याने माठातले पाणी सारखे ओतत राहावे. एक-दोन मिनिटे पुरत नाहीत, चांगली वीस मिनिटे ओतावे. बांगड्या, अंगठी सूज येण्याआधी काढाव्यात. बर्फ लावू नये. तूप, हळद, शाई, दात घासायची पेस्ट यांतले काहीही लावू नये. आमच्या गोष्टीतल्या घरी पेस्ट लावली होती. डॉक्टरांना ती धुऊन काढावी लागली, आणि तेव्हा पोर पहिल्यापेक्षा अधिक रडली. फोड आला तर फोडू नये. स्वच्छ कापडाने सैल झाकावे आणि दवाखाना गाठावा. लहान मूल असेल तर भाजलेले थोडे दिसले तरी दाखवून आणावे. भाजणे मोठे असेल तर १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी.

आता विजेकडे येऊ. दिवा आणि पंखा फार थोडी वीज घेतात. या शेगडीचे तसे नाही. तिच्या बुडाशी एक चिठ्ठी चिकटवलेली असते. तीवर आकडा असतो. कोणावर १२००, कोणावर १८००, कोणावर २००० वॅट. ते आकडे इंग्रजीत असतात. इंग्रजी आकडे अजून जमत नसतील, तर घरातल्या शाळकरी मुलाकडून वाचून घ्या. दोन हजार वॅटची शेगडी पुऱ्या जोरावर अर्धा तास चालली की एक युनिट वीज खर्च होते. बिल पाहताना हा हिशेब उपयोगी पडतो.

भिंतीवर दोन तऱ्हेचे सॉकेट असतात. दिव्यापंख्याच्या बोर्डावरचे लहान, ते सहा अँपिअरचे. दुसरे मोठ्या भोकांचे, ते सोळा अँपिअरचे. सहा किंवा सोळा हा आकडा सॉकेटवर कोरलेला असतो. दोन हजार वॅटची शेगडी जवळजवळ नऊ अँपिअर वीज ओढते. सहाच्या सॉकेटला ती कशी झेपावी? शेळीला बैलाचे जू घातल्यासारखे ते होते. पहिल्या दिवशी काही होत नाही. आठवड्यानेही होत नाही. म्हणून माणूस फसतो. मग एके दिवशी जळका वास येतो, पिन काळी पडते, सॉकेटचे प्लॅस्टिक वितळते. आम्ही एका घरी पाहिले, बोर्डामागचे लाकूड कोळशासारखे झाले होते. घरच्यांना वाटत होते, वास शेजारच्या घरातून येतो!

लांब तारेचा जोडबोर्ड तर या शेगडीला मुळीच वापरू नये. पुष्कळ घरांत एकाच जोडबोर्डावर टीव्ही, मोबाइल आणि शेगडी अशी सारी दाटी असते. शेगडीसाठी वायरमनकडून वेगळे सोळा अँपिअरचे सॉकेट आणि मेनपासून जाड तार घालून घ्यावी. तार, पिन, सॉकेट आयएसआय खुणेचे असावे. खर्च होतो खरा. शेगडी घेतानाच तो हिशेबात धरावा.

पिनेला तीन दांड्या असतात. त्यांतली वरची जाड आणि लांब दांडी अर्थिंगची. शेगडीत काही बिघाड झाला तर तिच्या वाटे वीज जमिनीत जाते, आपल्या अंगातून जात नाही. पण हे केव्हा? घराला खरोखर अर्थिंग असेल तेव्हा. सॉकेटला तीन भोके आहेत म्हणजे अर्थिंग आहेच असे नव्हे. काही घरांत तिसऱ्या भोकाला मागे तारच नसते. वायरमनला ते तपासायला सांगा. "बघितले, आहे" असे तो म्हणाला तर "दाखवा" म्हणा. विचारायला लाजू नका. त्याच वेळी आरसीसीबी नावाचे बटण बसवता आले तर उत्तम. वीज कोठे गळू लागली की ते आपोआप पडते आणि जीव वाचतो.

ओल्या हाताने पिनेला किंवा बटणाला हात लावू नये. तार धरून पिन ओढू नये, पिनेचे डोके धरावे. कोणाला विजेने धरले तर त्याला हात लावू नका. आधी मेन बंद करा. मेन सापडत नसेल तर कोरड्या लाकडाने त्याला तारेपासून दूर लोटा.

भांड्यांविषयी घरोघरी घोटाळा होतो. जर्मनचे पातेले, तांब्याचा हंडा, पितळी, मातीचे मडके यांना ही शेगडी दाद देत नाही. स्टीलचेही प्रत्येक भांडे चालत नाही. ओळखायचे कसे? लोहचुंबक भांड्याच्या बुडाला लावावे. घट्ट चिकटले तर भांडे चालेल. साधा जर्मनचा कूकर चालत नाही, इंडक्शनचे बूड असलेला मागून घ्यावा. बूड सपाट हवे. खोलगट तवा, गोल बुडाची कढई नीट तापत नाही. भाकरी सपाट लोखंडी तव्यावर होते. कडा फडक्याने दाबून तव्यावरच ती भाजावी लागते. निखाऱ्यावर फुगवलेल्या भाकरीची चव तिला येत नाही, हे आम्ही कबूल करतो. वांगेही हिच्यावर भाजता येत नाही. त्याला आपली जुनी चूल आहेच.

भांडे फार लवकर तापते, म्हणून रिकामे ठेवू नये. फोडणीचे तेल ठेवून अंगणात जाऊ नये. आकडा लहान ठेवावा. तेल पेटलेच तर शेगडी बंद करून झाकण घालावे. त्यावर पाणी कधीही टाकू नये, भडका वर येतो. अंघोळीच्या पाण्याचा मोठा हंडाही या काचेवर चढवू नये. एवढ्या वजनासाठी ती केलेली नाही. चमचा, झारा, सांडशी काचेवर ठेवायची सवय नको.

शेगडीच्या पोटात एक लहान पंखा असतो. तो आतली गरम हवा बाहेर टाकतो. शेगडीखाली वर्तमानपत्र, कापड किंवा प्लॅस्टिक घालू नये, त्याने त्याची वाट बुजते. भिंतीपासून वीतभर जागा सोडावी. शेगडी बंद केल्यावरही पंखा थोडा वेळ घुंई घुंई करतो. तो थांबू द्यावा, मग भिंतीवरचे बटण बंद करावे. पुष्कळ जण घाईने पिन उपटतात आणि आतली गरमी आतच कोंडते. त्या उबेला झुरळेही येतात. आत शिरून ती यंत्र बिघडवतात. म्हणून आसपास खरकटे राहू देऊ नये. वीज कडाडत असेल तेव्हा मात्र आधीच पिन काढून ठेवावी.

काच निवल्यावर, पिन काढून, घट्ट पिळलेल्या ओल्या फडक्याने पुसावी, मग कोरड्याने. राख, काथ्या, तारेची घासणी नको. आणि शेगडीवर तांब्याने पाणी ओतून ती धुऊ नये. हसू नका, असे झालेले आहे! काचेला केसाएवढी चीर दिसली तरी शेगडी त्याच क्षणी बंद करावी. चिरेतून पाणी, दूध आत उतरते आणि शॉक बसतो. वर चिकटपट्टी लावून भागत नाही. काच बदलेपर्यंत शेगडी वापरू नये.

ज्यांच्या छातीत हृदयाचे ठोके नीट चालवणारे यंत्र बसवले आहे, त्यांनी चालू शेगडीपासून दोन फूट तरी दूर राहावे, आणि आपल्या डॉक्टरांना विचारूनच हिच्यावर स्वयंपाक करावा.

आता मावशींच्या सुनेचे काय? तिला जवळ बसवा. पहिल्या दिवशी नुसते पाणी तापवू द्या. चालू कशी करायची, आकडा कमी कसा करायचा, बंद कशी करायची, हे तिचे तिला चार वेळा करू द्या. भीती पुष्कळशी तेथेच जाते.

येत्या गुरुवारी वर्गाला येताना प्रत्येकाने घरातले एकेक भांडे घेऊन यावे. लोहचुंबक आमच्याकडे आहे. कोणते भांडे चालते आणि कोणते नाही, ते सारे मिळून पाहू. मावशी, तुम्ही सुनेला घेऊन या.