मन लागायची वाट पाहू नका



आपल्या गोंदिया जिल्ह्यात दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. लेकी-जावई येतात, दिवसा दंडार, रात्री नाटक. अशा वेळी घरातलं एखादं माणूस म्हणतं, "तुम्ही जा, माझं मन नाही." दमलं असेल म्हणून आपण सोडून देतो. मग ते पानठेल्यावर जाणं बंद करतं, भजनाला जात नाही, फोन उचलत नाही. काम मात्र सुरू असतं. बांधीवर जातं, घरी येतं, दोन घास खातं आणि पडून राहतं. काम सुरू असल्यामुळेच कोणाच्या काही लक्षात येत नाही.

मन नाही म्हणून माणूस चारचौघांपासून दूर जातो, हे आपल्याला दिसतं. पण दूर गेल्यामुळे मन आणखी खचतं, हे सहसा दिसत नाही. मग मन लागेल तेव्हा जाईन, असं म्हणत दिवस निघून जातात.

हा फेरा उलट बाजूनं तोडता येतो. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत 'संगाथ' या संस्थेनं हे करून पाहिलं. तीव्र उदासीनता असलेल्या रुग्णांशी बोलायला डॉक्टर नव्हे, तर प्रशिक्षण दिलेली साधी माणसं गेली. सहा ते आठ भेटींत त्यांनी रुग्णाला एवढंच शिकवलं, की मन लागायची वाट न पाहता रोज एखादी छोटी, ठरलेली गोष्ट करायची. तीन महिन्यांनी पाहिलं, तर शंभरातल्या ६४ जणांचा आजार उतरला होता. ज्यांना या भेटी मिळाल्या नव्हत्या, त्यांच्यात हे प्रमाण ३९ होतं. हा अभ्यास २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

आपल्या विदर्भातही असं काम झालं आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' या प्रकल्पातली माणसं घरोघरी जाऊन ताणाबद्दल बोलू लागली. सुरुवातीला उदासीनतेनं ग्रासलेल्या शंभर जणांपैकी जेमतेम चार जण मदत घेत होते. दीड वर्षानं ते सत्तावीस झाले. लोकांना मदत नको होती असं नाही. ती मागायची कशी, हे कोणी सांगितलं नव्हतं.

आता आपलं धानाचं वर्ष बघा. पऱ्हे टाकले की पावसाची वाट. रोवणी आटोपली की तुडतुड्याची धास्ती. कापणीच्या तोंडावर परतीचा पाऊस. धान केंद्रावर दिला की चुकाऱ्यांची वाट. ही काळजी खोटी नाही, आणि मनाच्या कुठल्याही उपायानं ती फिटणार नाही. चुकारे वेळेवर मिळायलाच हवेत. पण वाट पाहण्याचे हे दिवस दरवर्षी येतात, हे आपल्याला ठाऊक असतं. मग त्यांची तयारीही मन ठीक असतानाच करून ठेवता येते.

त्यासाठी रोजच्या तीन गोष्टी ठरवा. एक गरजेची, एक आवडीची आणि एक माणसांतली. "जरा फिरून येईन" असं मोघम ठरवू नका. "सकाळी सहाला तलावाच्या पाळीवरून चालत जाईन", "संध्याकाळी बहिणीला फोन करीन", असं वेळेसकट ठरवा. गोष्ट इतकी छोटी असू द्या, की वाईट दिवशीही जमेल. बायांना मी विशेष सांगेन, की रोवणी आणि स्वयंपाक ही गरजेची कामं झाली. आवडीचं काम वेगळं धरा आणि त्याला वेळ मागून घ्या.

झोपेसाठी दारूचा आधार घेऊ नका. तिनं डोळा लवकर लागतो, पण मध्यरात्रीनंतर झोप मोडते. दुसऱ्या दिवशी मन अधिकच जड होतं.

आणि स्वतःची खूण ओळखा. मन बिघडायला लागलं की कोणाची झोप उडते, कोणी लेकराबाळांवर खेकसतं, कोणाचं गुणगुणणं थांबतं. आपली खूण कोणती, हे घरातल्या एकाला सांगून ठेवा. "मी असा वागायला लागलो तर मला टोक," असं सांगा. त्यानं टोकलं तर रागावू नका.

दोन आठवडे उलटूनही उदासी हटली नाही, भूक-झोप गेली, कशातच रस उरला नाही, तर ते एकट्यानं सांभाळायचं काम नाही. जगणं नकोसं वाटलं, तर दोन दिवसही थांबू नका. गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचाराची सोय आहे. सालेकसा, देवरी किंवा अर्जुनी मोरगावहून तिथं जायचं तर दिवस मोडतो, हे खरं. म्हणून 'टेली मानस' हा सरकारी फोन क्रमांक लिहून घ्या: १४४१६. १० ऑक्टोबर २०२२ ला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, ही सेवा सुरू झाली. रात्री-बेरात्रीही फोन उचलला जातो, मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत.

आज जेवणं झाली की घरातल्या एका माणसाला आपली खूण सांगा आणि त्याचीही विचारून घ्या. क्रमांक पुन्हा सांगतो: एक, चार, चार, एक, सहा.