देऊळ आणि सेवाधर्म
(महोत्सवप्रसंगी दिलेले व्याख्यान)



वसईच्या ख्रिस्तसभेचा इतिहास सांगताना आपण देवळांची वर्षे मोजतो. परंतु दगडचुन्याचे आयुष्य ते किती? इ. स. १५३४ मध्ये पोर्तुगीजांच्या हाती गेलेली वसई १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी जिंकिली आणि किल्ल्यातील भव्य देवळे पुढे ओसाड पडली. तरी गावोगावची श्रद्धा तग धरून राहिली.

त्या श्रद्धेला सेवेचा वारसा पूर्वीच लाभला होता. संत गोन्सालो गार्सिया हे वसईचेच सुपुत्र. जपानात क्योतो येथे ज्या फ्रान्सिस्कन बंधूंनी कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय चालविले, त्यांचे ते दुभाषी व सहकारी होते. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे त्यांस क्रूसावर मरण आले. १८६२ मध्ये ते संतपदी आरूढ झाले.

हाच सेवाधर्म पुढे हिशेबाच्या वहीतही प्रगट झाला. सावकारी पाशात शेतकरी गांजला असता मोन्सिन्योर पी. जे. मोनिस यांनी १९१८ मध्ये सहकारी पतसंस्था स्थापिली. तीच आजची बॅसीन कॅथलिक सहकारी बँक होय. वेदीवर मिस्साबली अर्पिणाऱ्या धर्मगुरूने ऋणकोच्या दुःखाचीही चिंता वाहिली.

सज्जनहो, महोत्सवाचे दीप उद्या विझतील. त्यानंतर कोणी रोगी, ऋणको वा निराधार, मग तो कोणत्याही धर्माचा असो, आपल्या दारातून विन्मुख गेला, तर देवळाची वर्षे आपण व्यर्थच मोजिली असे होईल. दयाघन प्रभू आपणां सर्वांस सेवेची बुद्धी देवो.