तिची स्वतःची कॉट

आम्ही माण तालुक्यातल्या एका बचत गटातल्या चार जणी. माईकसमोर बसलीय एकच, पण जे सांगायचंय ते चौघींनी मिळून ठरवलंय, म्हणून सगळीकडे ‘आम्ही’च म्हणणार. गेल्या सहा वर्षांत आमच्या चौघींच्या मुली पदवी झाल्यावर पुढच्या शिक्षणाला पुण्याला गेल्या. दोघी एम.एस्सी.ला, एक एम.कॉम.ला, एक एमएसडब्ल्यूला. दोघींचं शिक्षण पूर्ण होऊन त्या नोकरीला लागल्यात, दोघी अजून शिकतायत.

सध्या पदवीचे निकाल लागायचे दिवस आहेत. पुण्याला जायचं म्हटलं की घराघरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं. “पुण्यात आत्या आहे की! मग राहायला पैसे कशाला घालवायचे?” कुठे आत्या असते, कुठे मामा, कुठे चुलतभावाचा फ्लॅट. आज आम्ही या एकाच वाक्याबद्दल बोलणार आहोत. आमचं म्हणणं सरळ आहे. मुलीला वसतिगृहात ठेवा, चार मैत्रिणींत खोली करून द्या, नाहीतर कॉट बेसिसवर ठेवा. शिकायला म्हणून नातेवाइकांच्या घरी ठेवू नका.

आत्या वाईट असते असं आम्ही म्हणत नाही. उलट तिचीही बाजू बघा. धनकवडीला नाहीतर हडपसरला दोन खोल्यांचा संसार, नवऱ्याची पाळीची नोकरी, पोरांच्या शिकवण्या. त्यात भावाची मुलगी दोन वर्षांसाठी राहायला येणार. भावाला नाही कसं म्हणायचं, म्हणून ती हो म्हणते. मुलगीही हो म्हणते, कारण तिला शिकायचंय. मग सुरू होतं ते कुणाच्याच हातात राहत नाही.

शेजारच्या वाडीतली एक मुलगी अशीच नात्यातल्या घरी राहिली होती. कुणी तिला कामाला लाव म्हणून सांगितलं नव्हतं. पण फुकट राहतोय ही भावना इतकी जड असते की मुलगी आपणहून पहाटे उठते. कणीक तिची, भांडी तिची, धाकट्या भावंडांचा अभ्यास तिचा. कॉलेजचं प्रॅक्टिकल साडेपाचला सुटतं, पीएमटीनं घरी पोचेपर्यंत सात वाजतात, तेव्हा पोळ्या वाट बघत असतात. झोपायला हॉल. हॉलमध्ये टीव्ही. टीव्ही बंद झाला की दिवा बंद, कारण आतल्या खोलीत उजेड जातो. ग्रंथालयात रात्री नऊपर्यंत बसायची सोय असून ती एकदाही बसली नाही. आणि साडेआठला घरी आली, तर सकाळी गावात फोन. “काल जरा उशीरच झाला हो तिला.” एवढ्या एका वाक्यानं इकडे आईचा दिवसभर जीव थाऱ्यावर राहत नाही, आणि बाप म्हणतो, बास झालं शिक्षण. त्या मुलीचं पहिल्याच सत्रानंतर शिक्षण थांबलं. ती हुशार होती, पदवीला तालुक्याच्या कॉलेजात पहिली आलेली. गावात मात्र सगळे म्हणाले, झेपलं नाही तिला पुणं.

शिकायला मुलीला नुसतं कॉलेज पुरत नाही, जागा लागते, हे पुण्यात फार पूर्वी कळलं होतं. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं आणि पुढच्याच वर्षी पुण्याला आणलं. तिथं बायका राहायच्या आणि शिकायच्या. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला, तो पुढे हिंगण्याला गेला. त्या काळच्या विधवा मुली दिराच्या नाहीतर भावाच्या घरात असायच्या. त्या घरात राहून त्यांनी शिकायचं तरी कधी? कर्व्यांच्या मेव्हणी पार्वतीबाई आठवले स्वतः विधवा. त्या पुण्याला येऊन शिकल्या आणि मग आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत हिंडल्या. त्यांना गावच्या लोकांनी काय काय ऐकवलं असेल, याचा अंदाज आपल्याला आजही करता येतो.

आता पैशाचं बोलू, कारण खरं घोडं तिथंच अडतं. कॉट बेसिस म्हणजे अख्खी खोली भाड्यानं घ्यायची नाही, खोलीतली एक कॉट आणि कपाटाचा एक खण घ्यायचा. सदाशिव पेठ, नारायण पेठ, शिवाजीनगरच्या बाजूला अशा जागा पुष्कळ. पहिल्या महिन्यात एकदम खर्च येतो तो डिपॉझिटचा, त्यात मेसचे आगाऊ पैसे, गादी, बादली, कॉलेजची फी. आमच्यातल्या एकीनं दोन शेळ्या विकल्या. एकीनं गटातून कर्ज काढलं आणि दहा हप्त्यांत फेडलं. एकीच्या सासूबाईंनी आपल्या पाटल्या गहाण ठेवायला काढून दिल्या. आम्हाला त्याचं आजही नवल वाटतं, कारण त्याच सासूबाईंनी तिला स्वतःला बारावीनंतर शिकू दिलं नव्हतं.

सरकारी मदतही आहे, तिची माहिती जूनमध्येच काढा. समाजकल्याणची मुलींची वसतिगृहं आहेत. तिथं जागा नाही मिळाली तर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलींसाठी स्वाधार योजना आहे, पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६० हजार रुपये. आदिवासी मुलींसाठी स्वयम् योजना, इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना. उत्पन्नाच्या, गुणांच्या, हजेरीच्या अटी आहेत, त्या नीट वाचून घ्या. भाड्याची पावती आणि करार जपून ठेवा. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक व शैक्षणिक मागास गटातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क माफ झालंय. पण त्यात राहणं-जेवण येत नाही, आणि साध्या एम.ए., एम.एस्सी.ला काय सवलत आहे ते कॉलेजच्या ऑफिसात वेगळं विचारावं लागतं. एक मात्र लक्षात ठेवा. सरकारी पैसा हातात पडायला वेळ लागतो. पहिल्या तीन-चार महिन्यांचं भाडं त्याच्या भरवशावर ठेवू नका.

या योजना बघितल्या की आम्हाला घरातल्या पुरुषांशी बोलायला बळ येतं. राहण्या-जेवणाचा खर्च हा शिक्षणाचाच खर्च आहे असं सरकारनं धरलंय. मग आपण तो उधळपट्टी का म्हणायचा?

कागदांचं थोडक्यात सांगतो. सातारा जिल्हा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात येतो, त्यामुळे पुण्याच्या विद्यापीठात जायचं तर मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं. टीसी, सगळ्या सत्रांच्या मार्कशीट, जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रिमीलेअर. उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चपर्यंतच चालतो, गेल्या वर्षीचा घेऊन जाऊ नका. मध्ये वर्ष गेलं असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र. बँक खातं आधारला जोडलेलं, आणि खातं मुलीच्या नावावर. वडिलांच्या खात्यात शिष्यवृत्ती येत नाही.

मुलीला पोचवायला कोणी जायचं? आम्ही म्हणतो, दोघांनी जा. दहिवडीहून फलटण, लोणंद, जेजुरी, सासवड करत एसटी चार-साडेचार तासांत स्वारगेटला सोडते. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे आता “दोघांचं भाडं कशाला” म्हणायची सोय उरली नाही. मुलींच्या वसतिगृहात बापाला वर सोडत नाहीत. तो बिचारा खाली गल्लीत पत्र्याच्या ट्रंकेवर बसून राहतो, येणाऱ्या-जाणाऱ्याला निरखतो. त्याचं बसणंही कामाचं असतं. कोपऱ्यावर टपरी कसली आहे, रात्री दिवे लागतात का, बसथांबा किती लांब, हे त्याला तासाभरात कळतं.

वर गेल्यावर आईनं बघायचं ते असं. कडी आतून नीट लागते का. कपाटाला कुलूप आहे का. पाणी किती वाजता येतं आणि अंघोळीचा नंबर कसा लागतो. पण बोलायचं मात्र मुलीनं. डिपॉझिट कधी परत मिळणार, किती दिवस आधी सांगायचं, विजेचे पैसे वेगळे का, रात्री किती वाजेपर्यंत आत यायचं, आजारी पडलं तर चहा करायला शेगडी चालते का, हे सगळं तिनं विचारायचं आणि पावती तिच्या नावानं मागायची. आई बोलायला लागली की घरमालकीण आईशीच बोलते, आणि दुसऱ्या दिवशी आई गावाला आणि मुलगी तिथं एकटी. तिचा आवाज त्या घरात पहिल्या दिवशीच ऐकू आला पाहिजे. आमच्यातल्या एकीची मुलगी इतकी बुजरी की दुकानात सुटे पैसे मागायची नाही. तिला वाक्यं घरून पाठ करून नेली होती. चौथ्या प्रश्नाला घरमालकीण हसून म्हणाल्या, “पोरगी पक्की आहे हो तुमची.” ती आईकडे बघायला लागली, आणि आई मुद्दाम खिडकीतून बाहेर.

पोचवून आलात की पुढची मदत अवघड आहे, कारण ती बहुतेक न करण्याची आहे. ठरलेली रक्कम एक तारखेला पाठवायची आणि वडापावचा हिशोब मागायचा नाही. रविवारी संध्याकाळी बऱ्याच मेस बंद असतात, ते पैसे आधीच धरायचे. फोन तिच्या सोयीनं, दिवसातून एकदा. “कॅमेरा फिरव बरं, खोलीत कोण आहे बघू” हे तर अजिबात नको. पहिले पंधरा दिवस ती रडेल. आपणही रडतो, पण ते फोन ठेवल्यावर. रडली म्हणून लगेच गाडीत बसायचं नाही. ताप आला, कुणी त्रास दिला, तर मात्र त्याच रात्री निघायचं, आणि हे तिला आधीच सांगून ठेवायचं. ११२ नंबर तिच्या फोनमध्ये आणि तुमच्याही. कॉलेजात तक्रार समिती असते, तिथं कोणाला भेटायचं ते पहिल्या आठवड्यातच विचारून ठेव म्हणावं.

आता नाजूक गोष्ट. पहिल्या दिवाळीला मुलगी घरी आली की स्थळं येतात. “पुण्यात शिकतेय म्हणजे नोकरीवाला मुलगा चालेल.” पाहुणे सांगतात, बघायला काय हरकत आहे? आम्हाला वाटतं, हरकत आहे. एकदा बघायला लोक आले की दुसऱ्या सत्राच्या अभ्यासात तिचं मन राहत नाही आणि घरच्यांचंही फी भरण्यात राहत नाही. आम्ही चौघींनी घरात एकच सांगितलं, दोन वर्षं पत्रिका पेटीतून बाहेर निघणार नाही. भांडणं झाली. एका घरात दीर दोन महिने बोलले नाहीत. पत्रिका मात्र पेटीतच राहिली.

आणि आत्याचं काय? तिला तोडायचं नाही. मुलीनं महिन्यातून एका रविवारी तिच्याकडे जावं, जेवावं, भावंडांशी खेळावं, आणि संध्याकाळी आपल्या कॉटवर परत यावं. आमच्या मुली असंच करतात. जाताना गावची ज्वारी, शेंगा नेतात. पाहुणी म्हणून गेलेल्या भाचीचे आत्या जेवढे लाड करते, तेवढे ती घरात राहणाऱ्या भाचीचे करू शकत नाही, मग ती कितीही मायाळू असो.

गेल्या वर्षी आमच्यातल्या पहिल्या मुलीनं खोली सोडली. डिपॉझिट परत मिळालं, रंगाचे पैसे कापून. ते तिच्या आईनं घरात खर्च न करता गटात वेगळं ठेवलं. दुसरीचंही तसंच ठेवलं. आता त्यातून पुढच्या मुलीला बिनव्याजी डिपॉझिट देतो, खोली सोडली की परत करायचं या बोलीवर. यंदा दोघींना देता येईल एवढे पैसे आहेत. कुणाच्या मुलीचं पुण्याचं चाललं असेल तर गटाची बैठक दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी दुपारी तीनला असते. येताना मुलीलाही घेऊन या, अर्ज तीच लिहील.