टोले देणारी खिशातली घड्याळे



आमचा विषय जाहीर झाला तेव्हा युनियनमधल्या एका मित्राने आम्हाला विचारले, ‘सोन्याची घड्याळे जमवणाऱ्यांच्या शौकावर बोलायला तुम्हीच कसे सापडलात?’ शंका रास्त आहे. आमच्या संग्रही असे एकही घड्याळ नाही, आणि येण्याचा संभवही नाही. परंतु जी वस्तू श्रीमंतांतल्या श्रीमंताच्या खिशात गेली, तिच्या पोटात कामगाराचे बारकातले बारीक काम आहे. तेव्हा तिच्याविषयी बोलण्याचा थोडासा हक्क आमचाही आहे.

हे घड्याळ आपण होऊन टोले देत नाही. डबीच्या कडेची कळ सरकवली म्हणजे ते त्या क्षणाची वेळ वाजवून सांगते. हा उपद्व्याप कशासाठी? काडीपेटी नव्हती त्या काळी मध्यरात्री वेळ पाहायची म्हणजे चकमक झाडून दिवा लावावा लागे. उशाखालच्या घड्याळाची कळ दाबणे त्याहून सोपे. पुढे तर काही घड्याळे आवाजही करीनात. हातोडी नुसती डबीवर आतून आपटे आणि ठोके तळहाताला कळत. भर दरबारात चारचौघांच्या देखत घड्याळ काढून पाहिले, तर कंटाळा आल्याचे उघड होणार ना!

या कल्पनेवरून इंग्लंडात भांडण जुंपले. एडवर्ड बार्लो नावाच्या धर्मगुरूने तिचा मक्ता मागितला. लंडनच्या घड्याळजींच्या संघाने त्याला विरोध केला आणि डॅनियल क्वेअर या आपल्या माणसाचे घड्याळ पुढे केले. १६८७ साली दुसऱ्या जेम्स राजापुढे दोन्ही घड्याळे वाजवून पाहण्यात आली. बार्लोच्या घड्याळाला तासासाठी एक आणि पाव तासासाठी दुसरी अशा दोन कळी होत्या. क्वेअरचे काम एकाच कळीत भागत होते. निकाल क्वेअरच्या बाजूने लागला. संघटनेने मक्तेदारी हाणून पाडल्याचे हे उदाहरण आम्हाला फार आवडते, हे कबूल केले पाहिजे.

आता यंत्राकडे वळू. कळ सरकवताना आपण एका वेगळ्या लहान कमानीला चावी देत असतो. तासाच्या चकतीला बारा पायऱ्या कापलेल्या असतात, पाव तासाच्या चकतीला चार, आणि मिनिटांच्या चकतीला चार हात असून प्रत्येक हातावर चौदा पायऱ्या. एक दांडी जाऊन त्या पायरीवर टेकते. ती जितकी खोल जाईल तितके ठोके पडतात. तासाचे ठोके खर्जात, पाव तासाचे दुहेरी, आणि मिनिटांचे चढ्या सुरात. बाराला एकोणसाठ मिनिटे झाली असता कळ दाबावी: बारा ठोके, तीन जोड्या आणि वर चौदा. संग्राहक मंडळी घड्याळाची परीक्षा याच मिनिटाला करतात. ठोके पडत असताना मात्र काट्यांना हात लावू नये, दाते मोडतात.

आत आणखी एक खुबी असते. कळ अर्धवट दाबली तर घड्याळ खोटी वेळ वाजवील; म्हणून एक तुकडा असा बसवलेला असतो की कळ पूर्ण दाबल्याशिवाय एकही ठोका पडत नाही. फ्रेंच कारागिरांनी त्याचे नावच ठेवले, ‘सगळे नाहीतर काहीच नाही’. वाटाघाटीच्या टेबलावर हे तत्त्व आम्हाला कधीच पाळता आले नाही, ते राहो.

पूर्वी डबीत चक्क घंटा असे, म्हणून ही घड्याळे जाडजूड होती. १७८३ साली पॅरिसच्या ब्रेगेने घंटेऐवजी यंत्राभोवती वळवलेली पोलादी तार वापरली आणि घड्याळ सडपातळ झाले.

ही यंत्रे करीत कोण? स्वित्झर्लंडातल्या जुरा पर्वतात झू नावाचे खोरे आहे. हिवाळ्यात बर्फाने वाटा बंद होत. तिथले शेतकरी खिडकीशी बसून हे अवघड काम करीत. तयार यंत्र जिनिव्हाला जाई आणि तबकडीवर तिथल्या पेढीचे नाव चढे. मार्क्सने ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात श्रमविभागणी समजावताना घड्याळाचाच दाखला घेतला आहे: कमान करणारा वेगळा, काटे करणारा वेगळा, स्क्रू करणारा वेगळा, मुलामा देणारा वेगळा. ही यादी संपता संपत नाही. १८७२ साली क्रोपॉटकिन याच जुरातल्या घड्याळ कामगारांत राहिला, आणि तिथून निघाला तो अराज्यवादी होऊन. वाकून काम करणारी ही माणसे विचारही करीत होती.

संग्राहकांची चेष्टा करणे सोपे आहे. २०१४ साली जिनिव्हाच्या लिलावात ग्रेव्हज या अमेरिकन धनिकाचे घड्याळ सुमारे २ कोटी ४० लाख डॉलरना गेले. ब्रेगेचे १६० क्रमांकाचे घड्याळ राणी मारी आंत्वानेतसाठी १७८३ साली सांगितले गेले असे म्हणतात. ते पुरे झाले १८२७ साली. तोवर राणीचा शिरच्छेद होऊन ३४ वर्षे लोटली होती आणि ब्रेगेही वारला होता. १९८३ साली ते जेरुसलेमच्या संग्रहालयातून चोरीला गेले आणि २००७ साली सापडले. चोराने ते वितळवले नाही, हे नशीब.

कारण या घड्याळांचा खरा वैरी चोर नसून मूस आहे. सोन्याचा भाव चढला की डबी तराजूत जाते. तिच्या वजनाचे पैसे येतात. आतल्या यंत्राचे सोनार काही देत नाही. म्हणूनच डबीवरचा आणि यंत्रावरचा आकडा जुळतो का, हे जाणता संग्राहक आधी पाहतो. असा माणूस कितीही शौकीन असो, कुणा अनामिकाचे काम त्याच्यामुळे टिकते. आम्ही त्याच्याकडे याच दृष्टीने पाहू लागलो आहोत.

आमच्या ओळखीच्या एका वृद्ध घड्याळजींनी आम्हाला असे एक यंत्र दाखवले. डबी घरच्यांनी अडचणीत मोडली होती. डबीबरोबर कळही गेलेली. त्यांनी चिमट्याने दांडी ओढून सोडली. हातोड्या उठल्या आणि तारेवर पडू लागल्या. ठोके बरोबर मोजून पडत होते, पण आवाज घुमवायला डबीच नव्हती, लाकडावर नख वाजवावे तसा तो येत होता. आम्ही विचारले, ‘काका, हे विकणार का?’

‘घेणार कोण?’ ते म्हणाले, आणि यंत्र धोतराच्या तुकड्यात गुंडाळून त्यांनी पुन्हा खणात ठेवले.