उधारीची वही आणि आपली निवड



माणूस वस्तू कशी निवडतो, याचे उत्तर पुस्तकांत आहे : तो भाव पाहतो, गुण पाहतो, शेजाऱ्याकडे पाहतो आणि जाहिरातीला भुलतो. माझी शाळा म्हणजे युनियनची कचेरी. तेथे मी आणखी एक प्रश्न शिकलो. गिऱ्हाइकाच्या हातात रोकड आहे, की उधारीची वही?

तरुणपणी मी डहाणूत फुग्यांच्या एका कारखान्यात कामाला होतो. पगाराला पंधरा-पंधरा दिवस उशीर होई. बाजारात तेल स्वस्त मिळे; पण मी जाई कोपऱ्यावरच्या दुकानात, कारण उधार तेथेच मिळे. दुकानदार मापात मारतो हे दिसत असे. पण बोललो तर वही बंद! तेलाची निवड मी केलीच नव्हती. ती पगाराच्या तारखेने केली होती.

आपल्या भागाला हे नवे नाही. एके काळी येथला वारली पावसाळ्यात सावकाराकडून खावटीचे भात घेई आणि सुगीला वाढीसह फेडी. भात कसले, भाव काय, हे विचारणार कोण? २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावी सुमारे पाच हजार आदिवासी जमले. गोदावरी परुळेकर तेथे होत्या. वेठ करायची नाही, रोजाचे बारा आणे रोख घ्यायचे, असे ठरले. हा मजुरीचा लढा होता, हे आपण जाणताच. मी त्याला गिऱ्हाइकाचाही लढा म्हणतो. ज्याच्या हाती रोख बारा आणे, तोच दुसऱ्या दुकानाची पायरी चढू शकतो.

आज वेष्टनावर वजन आणि कमाल किंमत छापलेली असते. ग्राहक संरक्षणाचा कायदा १९८६ साली आला, २०१९ साली नव्याने झाला. हे उत्तमच. कमाल किंमत म्हणजे त्याहून कमी भाव मागण्याची मोकळीक. पण उधारीवर जगणारा ती मागणार कोणत्या तोंडाने?

मंडळी, आपणही कोणाचे तरी पैसे देणे लागतो. कोणाकडे धुण्याभांड्यांना बाई आहे, कोणाच्या चिकूच्या वाडीवर मजूर आहेत. सात तारखेचा पगार आपण वीस तारखेला दिला, तर तेरा दिवस त्या माणसाची निवड दुकानदाराकडे गहाण पडते. तेव्हा गरीब माणूस महाग का घेतो, असे म्हणून हसण्यापूर्वी, त्याचे पैसे आपण कधी दिले, एवढे आठवावे.